आयर्लंडातले डावे: डब्लिन कॅसल, वराड आणि एक पेढा

लिफीकाठ

मंडळी, २५ ऑक्टोबर २०२५ला, शनिवारी, डब्लिन कॅसलमधून निकाल जाहीर झाला आणि कॅथरीन कॉनली आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, तेव्हा मी वांगी चिरत होते. भिंतीपलीकडून शेजारच्या आजोबांनी दणादण दोन बुक्क्या हाणल्या. ही आमची खूण आहे, पण एरवी ती फुटबॉलपुरतीच असते.

आजोबा निवृत्त बस ड्रायव्हर. जन्मभर युनियनवाले. या धाग्याचं खापर खरं तर त्यांच्याच डोक्यावर फोडायचं आहे. २०१७च्या जूनमध्ये आपले लिओ वराडकर टीशाख (इथले पंतप्रधान) झाले, तेव्हा मी मोठ्या हौसेने खव्याचे पेढे केले आणि गल्लीत वाटले. आजोबांनी पेढा खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाले, "मिठाई झकास. पण तुझ्या त्या माणसाला माझं मत मिळायचं नाही."

मला राग आला. म्हटलं, गोऱ्या म्हाताऱ्याला तपकिरी पंतप्रधान सोसत नाही. ते म्हणाले, "मी कितीतरी वर्षं पहाटे चारला उठून बस बाहेर काढली आहे. लवकर उठणाऱ्या माणसांबद्दल त्याने मला शिकवू नये."

संदर्भ असा: पक्षनेतेपदाच्या प्रचारात वराडकर म्हणाले होते की, आपला पक्ष, फीना गेल, 'सकाळी लवकर उठणाऱ्यांचा' असेल. त्याच सुमारास समाजकल्याण मंत्री म्हणून त्यांनी सरकारी भत्ते लाटणाऱ्यांविरुद्ध जाहिरातींची मोहीम काढली होती. फसवणूक करणाऱ्याची तक्रार करा, अशी. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आजोबांना वाटलं, कारण बँका बुडाल्या तेव्हा त्यांना वाचवायला देशाने ६४ अब्ज युरो ओतले आणि त्या बँकवाल्यांची तक्रार करायला कुणी फोन नंबर दिला नाही.

तेव्हापासून मी जमेल तसं वाचत गेले आणि एका प्रश्नापाशी अडकले. या देशात मुख्य रस्त्यावर, ओकॉनल स्ट्रीटवर, दोन्ही हात आभाळात फेकलेला जिम लार्किन या कामगार पुढाऱ्याचा पुतळा आहे. मोठ्या रेल्वे स्टेशनला जेम्स कॉनली या मार्क्सवाद्याचं नाव आहे. पॅलेस्टाइनसाठी इथे हजारोंनी माणसं रस्त्यावर येतात. समलिंगी विवाहाला २०१५ साली जनमतातून ६२ टक्के होकार मिळाला. आणि तरी राज्य स्थापन झाल्यापासून शंभर वर्षांत डाव्या पक्षाच्या नेतृत्वाखाली एकदाही सरकार आलेलं नाही. फीना फॉल नाहीतर फीना गेल. नावंही अशी की पहिलं वर्षभर मला कोण कोण ते कळत नव्हतं, आणि आजोबांच्या मते कळून उपयोगही नाही.

माझं उत्तर थोडक्यात: डाव्यांना इथे दर वेळी 'आधी देश, मग तुम्ही' म्हणून थांबवलं गेलं, आणि ते थांबले.

१९१३पासून सुरू करते. ट्राम कंपनीचा मालक विल्यम मार्टिन मर्फी. शहरातला मोठा पेपरही त्याचाच. त्याने कामगारांना लार्किनच्या युनियनशी संबंध तोडायला सांगितलं. २६ ऑगस्टला ट्रामवाल्यांनी भर रस्त्यात गाड्या सोडल्या. मग शेकडो मालक एक झाले आणि सुमारे २० हजार कामगारांवर टाळेबंदी. युनियनमध्ये नसल्याची शपथ सही करून द्या, तरच काम. जानेवारी १९१४ पर्यंत माणसं उपाशी राहून हरली. पोलिसांच्या लाठ्यांपासून बचावासाठी काढलेली 'सिटिझन आर्मी' मात्र राहिली, आणि तीच घेऊन कॉनली १९१६च्या ईस्टरच्या उठावात उतरला. १२ मेला त्याला गोळ्या घातल्या. पाय जायबंदी, उभं राहता येईना, म्हणून खुर्चीला बांधून. या माणसाने १८९७ साली लिहून ठेवलं होतं की, उद्या इंग्रजांचं सैन्य गेलं आणि डब्लिन कॅसलवर (इंग्रजी सत्तेचं ठाणं) हिरवा झेंडा लागला, तरी समाजवाद आणला नाहीत तर इंग्लंड तुमच्यावर राज्य करतच राहील, जमीनदारांच्या आणि सावकारांच्या हातून.

तो गेल्यावर १९१८ची निवडणूक आली. लेबर पक्षाने स्वातंत्र्याच्या प्रश्नावर मतं फुटू नयेत म्हणून उमेदवारच उभे केले नाहीत. शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाला १०५ पैकी ७३ जागा. मोबदल्यात काय मिळालं? जानेवारी १९१९मध्ये पहिल्या डॉलमध्ये (इथली लोकसभा) 'लोकशाही कार्यक्रम' वाचला गेला. मूळ मसुदा लेबरच्या टॉमस जॉन्सनचा. लोकहितापुढे खाजगी मालमत्ता दुय्यम, मुलांना अन्न-वस्त्र-निवारा ही सरकारची पहिली जबाबदारी, असं सगळं त्यात होतं. वाचलं, टाळ्या वाजल्या, फडताळात गेलं.

मग यादवी युद्ध. त्यातल्या दोन बाजूंचे दोन पक्ष झाले आणि तेच आलटूनपालटून राज्य करत राहिले. गरीब माणूसही लेबरकडे वळला नाही, कारण फीना फॉलने १९३२ला सत्तेत आल्यावर त्याला घर बांधून दिलं. मी राहते ते क्रमलिन त्याच दशकात महापालिकेने वसवलेलं आहे. आजोबांचे वडील आयुष्यभर फीना फॉलवाले. घर दिलंय म्हटल्यावर काय बोलणार! आणि ज्यांना काहीच मिळालं नाही ते बोटीत बसले. १९५०च्या दशकात सुमारे ४ लाख माणसं देश सोडून गेली. ज्याने इथे लाल बावटा धरला असता तो बर्मिंगहॅममध्ये विटा वाहत होता.

आता कॅथरीनबाई. गॉलवेच्या, चौदा भावंडांतल्या, लेबरमधून बाहेर पडून अपक्ष झालेल्या. शिन फेन, लेबर, सोशल डेमोक्रॅट्स, ग्रीन, पीपल बिफोर प्रॉफिट असे एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष त्यांच्यामागे उभे राहिले. ६३ टक्के मतं. आडनाव कॉनली, जागा डब्लिन कॅसल. (नातं काही नाही, आधीच सांगते.) राष्ट्राध्यक्षपद नामधारी आहे, आपल्या राष्ट्रपतींसारखं. तरी आजोबा शंभर वर्षांनी काहीतरी हललं म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

मालवणी_खाजा

लिओंच्या वडिलांचं गाव वराड आमच्या मालवण तालुक्यात, म्हणून बोलूक व्हया. लिओ डिसेंबर २०१९ला गावात आले तेव्हा सगळा गाव लोटला होता. वडील अशोक वराडकर डॉक्टर, साठच्या दशकात विलायतेला गेलेले. पोराने नाव काढलं याचा अभिमान आम्हाला आहे आणि राहणार.

पण गंमत बघा. हा सगळा पट्टा जुन्या राजापूर मतदारसंघातला. १९५७पासून बॅरिस्टर नाथ पै, त्यांच्यानंतर १९९१ पर्यंत मधू दंडवते. तीसहून जास्त वर्षं समाजवादी खासदार! त्या मातीतला माणूस तिकडे जाऊन उजवीकडच्या पक्षाचा पुढारी झाला. नाथ असते तर हसले असते.

लिफीकाठ

@मालवणी_खाजा, हे आजोबांना सांगितलंच पाहिजे! अभिमानाबद्दल वाद नाही हो. जानेवारी २०१५मध्ये मंत्रिपदावर असताना रेडिओवर 'मी समलिंगी आहे' म्हणणं याला छाती लागते, आणि जनमताच्या चारच महिने आधी. डावेही ते मान्य करतात. त्यांचं भांडण घरभाड्यावर आहे.

तिरका_डोळा

लेख छान, पण एकतर्फी. मी कॉर्कला चार वर्षं होतो. १९५०च्या दशकात ४ लाख माणसं पळून गेली म्हणता, आज भारतातून माणसं तिकडे जातात. हे कुणी केलं? १२.५ टक्के कंपनी कर ठेवून अमेरिकेच्या औषध आणि संगणक कंपन्या आणणाऱ्या त्याच दोन पक्षांनी. तुमच्या आजोबांचं पेन्शन त्या करातून येतं. डाव्यांच्या हाती दिलं असतं तर तुम्ही आज तिथे वांगी चिरत नसता.

आणि त्या ६३ टक्क्यांचं फार कौतुक नको. मतदान ४६ टक्क्यांच्या आसपास, त्यातली १३ टक्के मतं लोकांनी मुद्दाम बाद केली. फीना फॉलचा उमेदवार तर मध्येच माघार घेऊन गेला.

लिफीकाठ

@तिरका_डोळा, नोकरी त्या कंपन्यांमुळे आहे हे खरं, माझी स्वतःचीही. बाद मतांचंही खरं. त्यात बरेचसे उजव्या बाजूचे नाराज होते, ते काही कमी काळजीचं नाही.

पण माघार का घेतली ते लिहिलं नाहीत! जिम गॅव्हिन. डब्लिनच्या गेलिक फुटबॉल संघाचे गाजलेले प्रशिक्षक. एका जुन्या भाडेकरूने चुकून जादा भरलेले ३,३०० युरो परत केले नव्हते, ते प्रकरण प्रचारात वर आलं. जिथे तिथे घरमालक आणि भाडेकरू, या देशात दुसरी गोष्टच नाही.

कराचं म्हणाल तर २०१५ साली इथलं सकल उत्पादन एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचा आकडा आला. आमच्या गल्लीत कुणाला पत्ताही लागला नाही. कंपन्यांनी पेटंट वगैरे मालमत्ता कागदावर इकडे आणली होती. शेवटी सांख्यिकी कार्यालयाला खरी अर्थव्यवस्था मोजायला वेगळा मापदंड काढावा लागला. आणि २०१६ साली युरोपियन कमिशनने ॲपलकडून १३ अब्ज युरो कर वसूल करा म्हटलं, तेव्हा आमच्या सरकारने काय केलं? 'आम्हाला नकोत' म्हणून अपील! आठ वर्षं वकिलांवर खर्च करून २०२४ला हरलं, म्हणजे पैसे मिळाले. लग्नात आहेर परत करणारे पाहिले होते, कोर्टात जाऊन परत करणारे पहिल्यांदाच.

आपत्कालीन निवाऱ्यात राहणारी माणसं आज १६ हजारांच्या वर आहेत. मागच्या वर्षी माझ्या घरमालकानेही 'घर विकायचंय' म्हणून नोटीस दिली. आजोबांच्या पुतणीची खोली रिकामी झाली नसती तर मी आज दुसऱ्या गावातून लिहीत असते. असो. त्यावर वेगळा धागा होईल.

परळकर

वाचतोय. घरात गिरणीचा संप बघितलेला माणूस आहे. २० हजार कुटुंबं पाच महिने जेवली काय?

लिफीकाठ

@परळकर, इंग्लंडच्या कामगारांनी जेवू घातलं. तिथल्या ट्रेड युनियन काँग्रेसने सप्टेंबरमध्ये धान्याची बोट पाठवली. 'हेअर' नावाची. लिफी नदीच्या धक्क्यावर माणसं रांगा लावून उभी. ज्या इंग्रजांविरुद्ध लढायचं, त्यांच्याच देशातला कामगार पाव पाठवतोय. कॉनलीचं म्हणणं यापेक्षा सोपं करून सांगता येत नाही. पण वर्गणी हळूहळू आटली, सहानुभूतीचा संप करायला इंग्लंडच्या युनियन तयार झाल्या नाहीत, आणि लोक कामावर परतले.

यातली एक गोष्ट मला फार लागली. उपाशी मुलांना टाळेबंदी संपेपर्यंत इंग्लंडमधल्या कामगारांच्या घरी ठेवायची योजना निघाली. आर्चबिशप वॉल्श यांनी पत्र काढलं: परक्या घरी मुलं पाठवणाऱ्या आया कॅथलिक आई म्हणवून घ्यायच्या लायकीच्या नाहीत. का, तर तिथे मुलांचा धर्म बुडेल. पाद्री आणि जमाव बंदरावर, स्टेशनवर उभे राहिले आणि मुलांना परत घरी नेलं. उपाशी घरी.

चर्चने डाव्यांना रोखलं ते एवढ्यावरच नाही. १९५१मध्ये नोएल ब्राऊन नावाच्या तरुण आरोग्यमंत्र्याने आया आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना फुकट उपचार द्यायची योजना आणली. डॉक्टर चिडले ते उत्पन्नासाठी, बिशप चिडले ते बायकांना सरकारी डॉक्टर नको ते शिकवतील म्हणून. ब्राऊनला राजीनामा द्यावा लागला. इथे आजही डॉक्टरकडे जायचं तर बऱ्याच जणांना प्रत्येक वेळी ५०-६० युरो मोजावे लागतात.

बेळगावी_कुंदा

धाग्यात थोडी भर घालतो. 'होमरूल' हा शब्दच आपण आयर्लंडकडून उचलला. टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली आमच्या बेळगावात, २८ एप्रिल १९१६ला. त्या दिवशी डब्लिनमध्ये काय चाललं होतं? ईस्टरचा उठाव, पाचवा दिवस! टपाल कचेरी जळत होती. म्हणजे आपण तो शब्द घेतला त्याच आठवड्यात तिकडच्या पोरांनी तो टाकून दिला.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. सविता हलप्पनवारचं माहेर बेळगाव. २८ ऑक्टोबर २०१२ला गॉलवेत गेली. गर्भ वाचणार नाही हे कळल्यावरही ठोका चालू आहे तोवर गर्भपात नाही म्हणून सांगितलं, आणि जंतुसंसर्गाने गेली. दातांची डॉक्टर होती, ३१ वर्षांची. परवाच तेरा वर्षं झाली. तिकडे लोकांना आठवते का ती?

लिफीकाठ

@बेळगावी_कुंदा, आठवते. २०१८च्या मे महिन्यात मी नवीनच होते इथे. पोर्टोबेलोत एका भिंतीवर तिचं मोठं चित्र काढलं होतं. गर्भपातबंदीवरच्या जनमताच्या दिवशी, २५ मेला, कुणीतरी चित्रावर चिठ्ठी चिकटवली, मग दुसरी, मग भिंत भरून चिठ्ठ्या. बहुतेकींवर एकच शब्द: 'सॉरी'. मी पण गेले. मला मत नव्हतं, चिठ्ठी मराठीत लिहिली. तिच्या वडिलांनी बेळगावहून 'हो म्हणा' असं आवाहन केलं होतं. ६६ टक्के मतदारांनी १९८३ची, गर्भपाताला बंदी घालणारी आठवी घटनादुरुस्ती काढून टाकली.

आणि जे डावे गट १९८३पासून याविरुद्ध बोलत होते, त्यांना पस्तीस वर्षं घराघरातून शिव्या पडल्या होत्या. जिंकल्यावर फोटोत मात्र सगळेच पक्ष आले. वराडकरही. (तेव्हा त्यांनी प्रचार केला हे खरंच आहे, पण आजोबा शेजारी बसलेत.)

जुना_वाचक

व्ही. व्ही. गिरी राहिले की! आपले चौथे राष्ट्रपती. १९१३ला डब्लिनला कायदा शिकायला गेले, म्हणजे टाळेबंदीच्याच वर्षी, आणि १९१६च्या उठावानंतर ब्रिटिशांनी त्यांना देश सोडायला लावला. परत येऊन रेल्वे कामगारांच्या युनियन बांधल्या. राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं पण आयर्लंडच्या १९३७च्या घटनेवरून घेतलेली. तिकडचीही कोर्टात बजावता येत नाहीत, आपलीही नाहीत. उसनं घेतलं ते नेमकं.

कोरा_कागद

शिन फेन डावा पक्ष आहे हे धागाकर्तीने गृहीत धरलंय. माझ्या मते तो राष्ट्रवादी पक्ष आहे, डावा सदरा घातलेला. १९७०ला फूट पडली तेव्हा मार्क्सवादाकडे गेले ते 'ऑफिशियल'. त्यांना 'जुनी माणसं कम्युनिस्ट झाली' म्हणून सोडून गेले ते 'प्रोव्हिजनल'. आजचा शिन फेन या दुसऱ्यांचा. पहिल्यांची वर्कर्स पार्टी झाली, १९८९ला डॉलमध्ये सात जागा मिळाल्या, १९९२ला फुटली आणि त्यातले बरेच फिरून लेबरमध्ये गेले. त्यातलेच पुढे लेबरचे नेते झाले आणि २०११ला फीना गेलबरोबर सरकारात बसून काटकसरीचे निर्णय राबवले. ३७ जागांवरून २०१६ला ७! डाव्यांना बाहेरच्यांनी रोखलं म्हणता, मला तर वाटतं घरातल्यांनीच.

लिफीकाठ

@कोरा_कागद, मान्य. मी लिहिलंच की, थांबवलं गेलं *आणि ते थांबले*. लेबरने २०११ला बाहेर राहून विरोधी पक्ष म्हणून काम केलं असतं तर आज चित्र वेगळं असतं, असं आजोबाही म्हणतात, आणि ते लेबरचे चाळीस वर्षांचे सभासद होते. पाणीपट्टीच्या वेळी, २०१४ला, त्यांनी सभासदत्वाचं कार्ड पाकिटात घालून परत पाठवलं. तिकीट लावलं नाही, पैसे तिकडून भरू देत म्हणाले.

शिन फेनबद्दल मी तुमच्याइतकी ठाम नाही. २०२०ला २४.५ टक्के मतं त्यांना घरांच्या प्रश्नावर मिळाली, उत्तर आयर्लंडशी एकीकरणावर नाही. २०२४ला १९ टक्क्यांवर आले, तेव्हाही कारण तेच असावं: भाडेकरूंनाही सांभाळायचं आणि स्थलांतरितांवर चिडलेल्या वस्त्यांनाही, या नादात दोन्हीकडे पातळ झाले.

सई_डब्लिन

त्या चिडलेल्या वस्त्यांबद्दलही लिही ना. जुलैमध्ये डब्लिनच्या टाला उपनगरात एका भारतीय माणसाला बेदम मारलं. ऑगस्टमध्ये दूतावासाने 'निर्जन भागात जाऊ नका' अशी सूचना काढली, फिनिक्स पार्कातला इंडिया डे पुढे ढकलला. मी दोन महिने बसच्या वरच्या मजल्यावर बसले नाही. पॅलेस्टाइनसाठी मोर्चे काढणारा देश हाच का?

लिफीकाठ

@सई, हाच. मीही संध्याकाळी कानात इअरफोन घालणं सोडलंय.

तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या हिगिन्स यांनी भारतीयांच्या बाजूने स्पष्ट निवेदन काढलं, ते वाचून बरं वाटलं. पण निवेदनाने घर मिळत नाही आणि 'आयर्लंड भरलंय' ही घोषणा तिथेच रुजते. डावे म्हणतात घरं नाहीत कारण बांधली नाहीत. उजवे टोक म्हणतं घरं नाहीत कारण तुम्ही आलात. दुसरं वाक्य भिंतीवर लिहायला सोपं.

एक जुनी गोष्ट सांगते. जुलै १९८४. हेन्री स्ट्रीटवरच्या डन्स स्टोअर्समध्ये मेरी मॅनिंग नावाच्या २१ वर्षांच्या मुलीने दक्षिण आफ्रिकेची पपनसं गल्ल्यावर घ्यायला नकार दिला. युनियनचा ठराव होता म्हणून, इतकंच. वर्णभेदाबद्दल त्या पोरींना फारसं माहीतही नव्हतं. तिला निलंबित केलं, तशा सोबतच्या बाहेर पडल्या. पिकेटवर त्यांच्याशेजारी निम्रोद सेजाके नावाचा एक दक्षिण आफ्रिकी निर्वासित येऊन उभा राहिला, त्याने त्यांना शिकवलं. अडीच वर्षांहून जास्त काळ त्या फुटपाथवर होत्या. लोक थुंकायचे. १९८७ला सरकारने दक्षिण आफ्रिकेच्या फळं-भाज्यांवर बंदी घातली. १९९०ला मंडेला डब्लिनला आले तेव्हा त्यांना भेटले. आजोबांची बस त्या रस्त्यावरून जायची. 'रोज हॉर्न वाजवायचो, पण उतरलो एकदाही नाही' असं ते म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

तिरका_डोळा

हे माहीत नव्हतं. मुद्दा सोडत नाही, पण हे आवडलं.

नवखा_गॉलवे

काकू, छान माहिती. दोन शंका. ते 'व्होट लेफ्ट, ट्रान्सफर लेफ्ट' म्हणजे काय? आणि मी वर्क परमिटवर आहे, मला इथे मत आहे का?

लिफीकाठ

@नवखा, काकू म्हणालास, चालेल.

इथे मतपत्रिकेवर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. तुझा पहिला उमेदवार गरजेपेक्षा जास्त मतं घेऊन जिंकला किंवा तळाला जाऊन बाद झाला, तर मत तुझ्या पुढच्या पसंतीकडे सरकतं. २०२०ला शिन फेनने फक्त ४२ उमेदवार उभे केले होते, ३७ जिंकले, आणि त्यांची उरलेली मतं सरकून छोटे डावे पक्षही तरले. म्हणून त्या घोषणेचा अर्थ: पहिला नंबर डाव्यांतल्या कुणालाही द्या, पुढचे नंबरही डाव्यांतच ठेवा. आजोबा मात्र शेवटपर्यंत सगळे नंबर भरतात. सगळ्यात नावडत्या माणसाला शेवटचा नंबर देण्याचं सुख सोडायचं नाही म्हणतात.

डॉल, राष्ट्राध्यक्ष आणि जनमत यांत तुला मत नाही. स्थानिक कौन्सिलला आहे, नागरिकत्व लागत नाही, इथे राहत असलास की झालं. पुढची निवडणूक २०२९ला. नोंदणी ऑनलाइन होते, पीपीएस नंबर (सरकारी ओळख क्रमांक) आणि एअरकोड (इथला पिनकोड) हाताशी ठेव. मला आजोबांनीच २०१९ला नाव घालायला लावलं. मतदान केंद्रावर मी बटण कुठे आहे ते शोधत होते, तर बाईंनी दोरीला बांधलेली पेन्सिल दाखवली.